डावखुरा मास्तर

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. झालं ते एवढंच. राजेंद्र सोफ्याच्या या टोकाला, प्रीती त्या टोकाला, मधे मी, गुडघ्यांवर भर जुलैत पांघरलेली शाल, आणि मुलाची नजर माझ्या डोक्यावरून सुनेकडे गेली, सुनेची त्याच वाटेनं परत आली. मी काही वेडंवाकडं बोलले नव्हते. मी म्हटलं होतं, "हा सिनेमा मी पाहिलाय. हा मास्तर डावखुरा आहे. बघा, आता डाव्या हातानं खडू उचलेल." आणि टीव्हीतल्या मास्तरानं शांतपणे उजव्या हातानं खडू उचलला.

"आई, तू दुसरा कुठला तरी पाहिला असशील," राजेंद्र म्हणाला. त्याचा तो मऊ आवाज. माझा मुलगा असा बोलत नाही. हा आवाज त्याला गेल्या महिन्यात त्या उल्हासनगरच्या डॉक्टरनं दिला. मी म्हटलं, दुसरा कुठला? नदी, होडी, टेकडीवरची शाळा, वर्गात मुलांच्या मागं बसणारी म्हातारी, सगळं तेच आहे. फक्त शाळा नदीच्या त्या अंगाला होती. इथं या अंगाला कशी आली? "होतं असं, आई," प्रीतीनं माझ्या हातावर हात ठेवला. "इतकी वर्षं झाली. तुम्ही नुसतं बघा. छान आहे पिक्चर." पायल, माझी तेरा वर्षांची नात, खाली सतरंजीवर पालथी पडून भडंग खात होती. ती म्हणाली, "आजी, स्टोरी सांगू नको ना, मजा जाते."

मजा. गेले तीन रविवार आमच्याकडे मजा चालू होती. प्रीतीनं वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं एक कात्रण फ्रिजवर चिकटवलं होतं, घरात आरामात बसून सगळ्यांनी बघावेत असे, मनाला उभारी देणारे दहा सिनेमे. कात्रणात कशी सोय करावी हेही दिलं होतं. पडदे ओढून घ्यावेत, दिवे मंद करावेत, काही गरम खायला करावं, पायांवर काही पांघरावं. बदलापुरात सात वाजता लोडशेडिंग व्हायचं, म्हणून आमची उभारी चार वाजता सुरू व्हायची. राजेंद्र उल्हासनगरच्या बाजारातून सीड्या आणायचा. पहिल्या रविवारी एका आंधळ्या मुलीला दिसायला लागलं. दुसऱ्या रविवारी बिघडलेला मुलगा सुधारून आईच्या पाया पडला. तेव्हा राजेंद्रनं माझ्याकडे पाहिलं, रडू येतंय का म्हणून. मला रडू येत नव्हतं. मला राग येत होता, आणि तोच माझा आजार आहे असं ठरलं होतं.

त्या आजाराचं मूळ आमच्या सोसायटीच्या फळ्यावर होतं. घरकाम करणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, अशी नोटीस लागली होती. मी ती वाचली आणि फाडली. सेक्रेटरी खाली आला, त्यालाही दोन शब्द सुनावले. त्याच आठवड्यात मी गॅसवर दूध ठेवून विसरले होते. राजेंद्रनं दोन्ही गोष्टी एकत्र गुंडाळल्या आणि मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं विचारलं, आजी, आज वार कोणता? मी म्हटलं, दवाखान्यात बसून तुम्हालाच ठाऊक नाही? मग विचारलं, शंभरातून सात वजा करत उलटे आकडे म्हणा. मी म्हटलं, कशासाठी? त्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं आणि राजेंद्रशी सुरू केलं. वयाचं आहे. चिडचिड हे पहिलं लक्षण. दगदग नको, एकटं कुठं सोडू नका. आनंदी ठेवा, हलकंफुलकं काही दाखवा. मी समोर बसले होते. माझी पर्स माझ्या मांडीवर होती आणि माझ्याबद्दलचा कागद राजेंद्रच्या हातात गेला.

मास्तरानं फळ्यावर रेघ ओढली. राजेंद्रनं घसा खाकरला. त्या मऊ आवाजात, टीव्हीकडे बघत, तो म्हणाला, "आई, मी काल हरिचंद्रला फोन केला होता. यंदा ग्रंथवाचनाला दुसरं कुणी बघा म्हटलं. तुला झेपायचं नाही." मला आधी कळलंच नाही. हरिचंद्र म्हणजे अंबरनाथच्या आमच्या जुन्या वस्तीतल्या विहाराचं काम बघणारा. आषाढ पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. त्या दिवसापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात वर्षावासाचं वाचन चालतं, रोज संध्याकाळी थोडं थोडं, आणि गेली चोवीस वर्षं ते मी करते आहे. राजेंद्रनं बदलापूरला फ्लॅट घेतला तेव्हाही मी सोडलं नाही. पांढरी साडी नेसायची, शेअर रिक्षानं जायचं, बसायचं, वाचायचं. समोर चाळीस-पन्नास माणसं. वाचताना माझा आवाज माझा वाटत नाही, बरा वाटतो. वर्षातले तीन महिने मी कुणाची तरी असते. "तू मला न विचारता सांगितलंस?" मी म्हटलं. "विचारलं असतं तर तू भांडली असतीस," तो म्हणाला. "टेन्शन घेऊ नकोस. बघ, पिक्चर बघ."

मी पिक्चरकडे बघत बसले. तोंडात भडंगाचा लसूण कडू झाला. मंद दिव्यात सगळ्यांची तोंडं निळी दिसत होती. माझं डोकं गेलं आहे का, हे मी स्वतःला पहिल्यांदा खरंच विचारलं. दूध विसरले, ते खरं. पण तो मास्तर डावखुरा होता. तो डाव्या हातानं भाकरी मोडायचा, आणि आमच्यात केवढी कुजबुज झाली होती त्यावरून. कौसाबाई म्हणाली होती, "एवढा शिकल्याला माणूस आन् डाव्या हातानं खातो." हे मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. एकसष्ट साल होतं, मी चोवीस वर्षांची. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि धर्मांतर होऊन पाच. आमची वस्ती नवी होती, विहार म्हणजे चार बांबू आणि वर पत्रा. सरकारी प्रचाराची गाडी यायची, तिच्याबरोबर सिनेमाचं मशीन यायचं, पण गाडीचा पडदा फाटला होता. हरिचंद्रचा बाप म्हणाला, बायकांनी पांढऱ्या साड्या द्या. वंदनेला नेसायच्या साड्या, प्रत्येकीकडे एकच. सहाजणींनी दिल्या. मी आणि कौसाबाईनं दुपारभर बसून त्या एकीला एक टाचल्या. तिसरी माझी होती, काठाजवळ निखाऱ्यानं भोक पडलेली. मास्तराचं तोंड मोठं झालं की ते भोक कधी त्याच्या गालावर यायचं, कधी कपाळावर. अंधार पडता पडता गाडीवाल्यानं मशीन लावलं, आणि माणसं बसली, नेहमी बसायची तशी.

हे सगळं मला सोफ्यावर आठवत होतं, पण तुकड्या-तुकड्यानं, आणि मधेच शिवरामची पाठ दिसत होती. शिवराम म्हणजे माझे मालक, राजेंद्रचे वडील. फार चांगला माणूस. कारखान्यातून आला की अंगाला वास यायचा, कुजलेल्या लसणासारखा, दोनदा साबण लावून जायचा नाही. त्यानंच मला सुदाम गुरुजींच्या वर्गाला घातलं. संध्याकाळी विहारात कंदील लावून गुरुजी मोठ्या बायकांना शिकवायचे. आम्ही सातजणी. क कमळाचा, ग गवताचा. मी वीसबावीस अक्षरं शिकले होते. भाकरीच्या पिठावर बोटानं ग काढायचे आणि थापायचे. त्या अक्षरानं मला काय झालं होतं ते मी कुणाला सांगू शकले नसते. रस्त्यानं जाताना दुकानाच्या पाटीतून एखादा ग ओळखीचा निघायचा आणि मी लाजायचे, गर्दीत नवरा दिसल्यासारखी.

आणि मग तो सिनेमा. त्यातली म्हातारी शाळेत झाडू मारायला येते, मुलांच्या मागं बसून शिकते, आणि शेवटी सगळ्या गावासमोर फळ्यावर आपलं नाव लिहिते. गाव टाळ्या वाजवतं. तिनं खडू हातात घेतला तेव्हा आम्ही सातहीजणी ताठ बसलो होतो. आता आपल्यालाही वाचता येणार. तिनं लिहिलं, आणि सगळे पुरुष एका आवाजात म्हणाले, "गंगा!" शिवरामचा आवाज मला त्यात वेगळा ऐकू आला. मी बघत होते. तिथं गंगा नव्हती. तिथं आधी नुसत्या दोन उभ्या रेघा होत्या, मग त्यांना भलत्याच अंगानं लटकलेला आकडा, मग आणखी एक रेघ, आणखी एक आकडा. मला जो ग येत होता तो त्यात कुठंच नव्हता. खडूही त्या टोकाकडून या टोकाकडे चालला होता. कौसाबाई उल्हासनगरला सिंध्यांच्या घरी पापड लाटायला जायची, तिथं शेट भावाला पत्रं लिहायचा ते तिनं पाहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "रखमे, हे सिंधी आसंल. ते लोक आसंच लिवत्यात." पण मग आमचे पुरुष ते कसे वाचत होते? थोड्या वेळानं कौसाबाईच म्हणाली, "मग आपल्यालाच दिसत न्हाई ते." घरी जाताना शिवरामनं विचारलं, "काय गं, आलं का वाचता?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "जाऊ दे. होईल हळूहळू." आवाजात माया होती. पुढच्या आठवड्यात गुरुजींच्या कंदिलापुढं दोनच बायका बसल्या. मी नव्हते, कौसाबाई नव्हती. आम्हाला शिकवलेलं वेगळं आणि खरं लिहिलेलं वेगळं असतं, अशी आमची समजूत झाली. पाट्यांवर सोपं लिहितात, माणसांची नावं आणि कागद दुसऱ्याच अक्षरांत, असं मी धरून चालले. गुरुजी दोनदा बोलवायला आले. आम्ही काय सांगणार होतो त्यांना?

"आजी, बघ, लास्ट सीन," पायल म्हणाली. टीव्हीतली म्हातारी गर्दीतून फळ्याकडे निघाली होती. तोच पदर, तीच चाल. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं खडू घेतला, उजव्या हातात, आणि या टोकाकडून त्या टोकाकडे लिहिलं, आणि फळ्यावर स्वच्छ, गवताच्या ग-चं, मी पिठावर काढायचे तसं, नाव होतं. गंगा.

"थांबव," मी म्हटलं. पायलनं रिमोट दाबला. चित्र थरथरत थांबलं. मी उठले, शाल पायात अडकली ती तिथंच टाकली, आणि टीव्हीच्या मागं जाऊन बघितलं. मागं वायरी होत्या, धूळ होती. "आई," राजेंद्र उठला, "आई, काय शोधतेस? प्रीती, जरा पाणी आण." मला हसू येईल की काय असं झालं. मागं. आम्ही मागं बसायचो. पुढं पुरुष, पडद्याच्या मागं बायका, तशीच पद्धत होती, प्रत्येक सिनेमाला. चित्र साड्यांतून आरपार दिसायचं, म्हणून कुणाला काही वाटायचं नाही. देव्हारे विसर्जन केले, जुन्या गावचं पाणी भरायचं सोडलं, पायातल्या बेड्या म्हणून ज्या ज्या सांगितल्या त्या सगळ्या तोडल्या, आणि पडद्याची मागची बाजू तेवढी आमच्यासाठी राखून ठेवली. आणि पडदा आमच्याच साड्यांचा.

प्रीतीच्या खोलीतून मी हातात धरायचा आरसा आणला. राजेंद्रला म्हटलं, "टीव्हीकडे पाठ कर." तो म्हणाला, "आई, बस ना तू." मी म्हटलं, "पाठ कर म्हणते ना." तो लहानपणी फिरायचा तसा फिरला. मी त्याच्या खांद्यावरून आरसा धरला, आणि पायलला म्हटलं, मास्तर खडू उचलतो तिथपासून लाव. आरशात मास्तरानं डाव्या हातानं खडू उचलला. शाळा नदीच्या त्या अंगाला होती. पायल मधे घुसली. "ए, लेफ्टी आहे! पप्पा, आजी राइट आहे!" मग पायलनं सीडी पुढं पळवली, म्हातारी आली, तिनं लिहिलं, आणि आरशात दोन उभ्या रेघा, भलत्याच अंगानं लटकलेला आकडा, शेहेचाळीस वर्षांनी जसाच्या तसा. "हा माझा सिनेमा," मी म्हटलं. "आम्ही मागून बघायचो."

राजेंद्र हसायला लागला. खूप हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आईला काही झालेलं नव्हतं. "सॉलिड, आई. पिक्चरपेक्षा भारी एन्डिंग. प्रीती, आता चहा टाक." प्रीतीही हसत होती. कात्रणात लिहिल्यासारखं सगळं झालं होतं, दिवे मंद, गरम चहा, मनाला उभारी. मला त्या क्षणी घरातली प्रत्येक वस्तू फोडावीशी वाटली. "हसू नकोस," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. "राजेंद्र, हसू नकोस. तुझा बाप गेला तेव्हाचा तो कागद आठवतो तुला?"

त्याला आठवणार नाही, तो तीन वर्षांचा होता. एकोणसत्तर साल. अंबरनाथमधला तो कारखाना आता नाही, बंद होऊनही वीस वर्षं झाली. शिवरामला टाकी धुवायला आत उतरवला आणि बाहेर काढला तेव्हा तो गेलेला होता. तिसऱ्या दिवशी एक साहेब घरी आला, खाली सतरंजीवर बसला, कागद वाचून दाखवला. फार गोड वाचला. शिवराम कामावर असताना वारला, सगळ्यांना वाईट वाटतं. मी अंगठा दिला. कौसाबाईनंही दिला, साक्षीदार म्हणून. पुढं राजेंद्र पहिलीत गेला, त्याच्या पाटीवरचा ग मी पाहिला, तो माझाच ग होता, पिठातला. मला वाटलं, आता नव्या पद्धतीनं शिकवत असतील. त्याच्याबरोबर मी शिकले, पस्तिसाव्या वर्षी. आणि वाचायला यायला लागल्यावर ट्रंकेतला तो कागद काढला. त्यात लिहिलं होतं की शिवराम कुणी न सांगता, स्वतःच्या हलगर्जीपणानं, तोंडाला काही न बांधता टाकीत उतरला, आणि हे त्याच्या बायकोला मान्य आहे. खाली माझा अंगठा. निळा, नीट उमटलेला. एकसष्ट ते एकोणसत्तर, आठ वर्षं होतात. गुरुजींच्या कंदिलापुढं मी आठ वर्षं बसले असते.

हे मी त्यांना सांगितलं, उभ्यानं, आरसा हातात धरून. फार वेळ लागला नाही. चोवीस वर्षं मोठ्यानं वाचते आहे, मला सांगता येतं. राजेंद्र खाली बसला. मग म्हणाला, "बाबांना माहीत होतं? ते उलटं दिसतं म्हणून?" मी म्हटलं, "नाही. त्याच्या मनातही आलं नसेल. तो पुढं बसला होता." आणि तेव्हा मला कळलं की मला कुणावर रागवायचं तेच ठरत नाहीये. गुरुजी चांगले होते. शिवराम चांगला होता. गाडीवाला आपलं काम करत होता. राजेंद्र चांगला आहे, आईच्या काळजीनं फोन करतो. सगळी चांगली माणसं पुढं बसलेली, आणि एकानंही मागं येऊन बघितलं नाही की तिथून काय दिसतं.

"हरिचंद्रला फोन लाव," मी म्हटलं. राजेंद्र म्हणाला, "आई, आता सांगून झालंय. त्यांनी वस्तीतल्या त्या जिज्ञासाला वाचायला तयार केलं असेल. यंदा आराम कर, पुढच्या वर्षी..." मी म्हटलं, "लाव." "काय सांगू त्याला?" "सांग, आईला न विचारता बोललो, चूक झाली." त्याचा चेहरा शिवरामसारखा आहे, कपाळ तर हुबेहूब. प्रीतीनं उठून फोन त्याच्यापुढं ठेवला. "करा ना," ती म्हणाली, हळू. त्यानं नंबर फिरवला. तो मऊ आवाज त्याच्या गळ्यात राहिला नव्हता, नेहमीचा, जरा फाटका आवाज लागला. मी शेजारी उभी राहून पूर्ण ऐकलं. मग लाइट गेली आणि टीव्हीवर थांबलेली गंगा विझली.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षानं अंबरनाथला गेले. सोबत येऊ का, असं कुणी म्हणालं नाही. कौसाबाई तिच्या दारात पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पुढं कधी शिकली नाही. बसचा नंबर विचारून चढते, औषधाच्या गोळ्या रंगावरून ओळखते, आणि विहारात मी वाचताना सगळ्यात मागं भिंतीला टेकून बसते. मी तिला सांगितलं. पडदा, साड्या, मागची बाजू, आरसा. तिनं मान वर केली नाही. सूप हालत होतं. मी थांबल्यावर म्हणाली, "म्हंजे गुर्जी शिकवत व्हते ते बरूबर व्हतं?" मी म्हटलं, हो. "आन् आपल्याला येत व्हतं?" मी म्हटलं, हो, येत होतं. सूप थांबलं. मग म्हणाली, "कशाला सांगितलंस गं मला?" आणि तांदळातला खडा उचलून एवढ्या जोरानं फेकला की पलीकडच्या पत्र्यावर वाजला. मी तिच्याशेजारी बसून राहिले. चहा तिनं विचारला नाही.

आषाढ पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसून विहारात गेले. हरिचंद्र दारातच भेटला, जयभीम घातला, म्हणाला, "मावशी, राग नाही ना?" मी म्हटलं, "आहे." तो हसला, मग हसायचा थांबला. माणसं बसली होती, पुढं पुरुष, मागं बायका, अजूनही तशीच. मी चौरंगाशी बसले, चष्मा पुसला, ग्रंथावरचं कापड सोडलं. मागच्या भिंतीशी कौसाबाईची जागा रिकामी होती. मला वाटलं, आता ती यायची नाही. मी पान उघडलं, तेवढ्यात मागून कुरकुर ऐकू आली. "अहो आजी, कुठं चाललात," कुणीतरी म्हणत होतं. कौसाबाई पुरुषांच्या रांगांतून सरळ चालत आली, एकाच्या मांडीवर पाय पडला तरी थांबली नाही. चौरंगाला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि माझ्या खांद्याला खांदा लावून बसली, पान तिलाही सरळ दिसेल अशी. तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा वास येत होता. तिचा श्वास जोरात चालला होता, डोळे लाल होते. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

"वाच," ती म्हणाली. "बोट ठेवून वाच."